बांधकामाचे तंटे व येजितखत

घराची भिंत किंवा मोरी यांवरून उद्भवणारा तंटा वस्तुतः लहान. मग तो पिढ्यान्‌पिढ्या कां चालावा? शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसुरास प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत वास्तुविवादाचा निर्णय शेजाऱ्यांच्या साक्षीवर सोंपविला असून शेजारच्या भिंतीपासून मोरी किती अंतरावर असावी तेंही सांगितलें आहे. शिवाय घरधन्यांनीं एकत्र येऊन आपल्या इच्छेप्रमाणें बांधावें व अनिष्ट टाळावें, अशी मोकळीकही तेथें आहे. भिंत उठण्यापूर्वीं हें सुकर. उठल्यावर मात्र भांडण भिंतीचें न राहतां शब्दाचें होतें.

मराठेशाहींतील रीत पाहावी. पंच ठरवितील तें मान्य, असा राजीनामा उभय पक्ष आरंभींच लिहून देत. त्या वेळीं प्रत्येकास आपलाच जय दिसे, म्हणून लेखणी अडत नसे. पुढें तकरिरा, जामीन, साक्षी, निवाडा. आणि शेवटीं हरलेल्यानें जिंकणाऱ्यास येजितखत लिहून द्यावयाचें कीं, आपण खोटे झालों, पुन्हां कजिया करणार नाहीं. जिंकणारा हरकी देई, हरणारा गुन्हेगारी. पैशाचें दुःख विसरतां येतें. हा कागद मात्र प्रतिपक्षाच्या दप्तरांत राहून त्याच्या नातवंडांसही वाचावयास मिळे. समेटाची खरी अडचण येथें होती, असें आम्हांस वाटतें. हातभर जागा सोडण्यास राजी असलेला गृहस्थही ‘खोटा’ हें अक्षर लिहिण्यास कचरत असला पाहिजे.

संग्राहक महजर जपतात (त्यावर शिक्के असतात ना!), येजितखत रुमालाच्या तळाशीं राहतें. घरजागेच्या वादांतील असा कागद कोणापाशीं असल्यास निवाड्यासह त्याची नक्कल मंडळाकडे पाठवावी. दोहोंच्या मित्यांत किती अंतर पडलें, हें आम्हांस पाहावयाचें आहे.