सिंक केलं म्हणजे जपलं का?

घरातले जुने दस्तऐवज स्कॅन करून क्लाउडवर ठेवा, असा सल्ला हल्ली मला सतत ऐकू येतो. निकाहनामे, खरेदीखतं, शाळा सोडल्याचे दाखले, आजोबांची उर्दू पत्रं. कागदपत्रांची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको. सल्ला योग्यच आहे. पण ‘सिंक’ झालं म्हणजे जपलं गेलं, हा समज मात्र तपासायला हवा. त्यासाठी या तंत्राचा इतिहास बघू.

ही कल्पना ‘क्लाउड’ हा शब्द रुळण्याआधीची आहे. १९८७ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात महादेव सत्यनारायणन यांच्या नेतृत्वाखाली ‘कोडा’ ही फाइल प्रणाली आकार घेऊ लागली. सर्व्हरशी जोडणी तुटली तर काम थांबू नये, हा हेतू. लागणाऱ्या फायली आधीच आपल्या संगणकावर आणून ठेवायच्या, जोडणी नसताना झालेल्या बदलांची नोंद करायची आणि जोडणी परतली की ते सर्व्हरवर चढवायचे. म्हणजे फाइलचं मूळ घर सर्व्हर. हाताशी असलेली प्रत तात्पुरती.

दुसरी अडचण संथ जोडणीची होती. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा इथे अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ‘आरसिंक’ आणलं. त्यात फाइलचे तुकडे पाडून प्रत्येकाचा छोटा गणिती ठसा काढला जातो. दोन्हीकडचे ठसे जुळवून फक्त बदललेला भाग पाठवला जातो. शंभर पानांच्या बाडात एक ओळ बदलली, तर सगळं बाड पुन्हा धाडावं लागत नाही.

ड्रू ह्यूस्टन आणि अराश फर्दोसी यांनी २००७ मध्ये स्थापलेल्या ‘ड्रॉपबॉक्स’ने हे सगळं एका साध्या फोल्डरमागे दडवलं. २००८ मध्ये ती सेवा सर्वांसाठी खुली झाली. एक प्रोग्रॅम त्या फोल्डरवर पहारा देतो. बदल दिसला की सर्व्हरकडे नसलेले तुकडे वर जातात आणि तुमच्या इतर उपकरणांना निरोप मिळतो. दोन ठिकाणी एकाच वेळी बदल झाला, तर दोन्ही प्रती ठेवल्या जातात. कोणती खरी, हे माणसानेच ठरवायचं. २०१२ मध्ये ‘गूगल ड्राइव्ह’ आलं आणि ही सवय आणखी पसरली.

या सगळ्या प्रवासात उद्दिष्ट एकच राहिलं: दोन जागा एकसारख्या ठेवणं. जतन हा वेगळा मुद्दा. सिंकच्या लेखी पुसणं हाही एक बदलच. घरातल्या कुणी मोबाइलची जागा मोकळी करताना त्या फोल्डरमधली फाइल पुसली, तर ती सर्व्हरवरून आणि घरच्या संगणकावरूनही जाते. व्हायरसने फायली बिघडवल्या, तर बिघडलेल्या प्रतीही तितक्याच इमानदारीने वर चढतात. कचरापेटी असते, जुन्या आवृत्त्याही मिळतात, पण बहुधा ठरावीक दिवसच.

आणखी एक गोष्ट. जागा वाचवण्यासाठी ‘वनड्राइव्ह’सारख्या सेवा संगणकावर फाइलचं नुसतं नाव दाखवू शकतात; मजकूर सर्व्हरवरच असतो. दोन प्रती आहेत असं वाटतं, प्रत्यक्षात आपल्या घरात एकही नसते.

म्हणून माझं सांगणं एवढंच: क्लाउड जरूर वापरा, पण त्याच फायलींची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती संगणकापासून काढून कपाटात ठेवा. वर्षातून एकदा उघडून बघा. आणि स्कॅन झालं म्हणून मूळ कागद रद्दीत घालू नका.