‘हू’च्या आधीची इंग्रजी

शेजारीण म्हणते, बागेचं काम आता झेपत नाही. तुम्ही तिला सांगता, मग मदतीला कुणाला तरी बोलवा, हे काम करून देईल असा एक माणूस माझ्या माहितीत आहे. एवढाच हा संवाद. १९५० ते १९६१ या काळात लीड्स विद्यापीठाचे कार्यकर्ते इंग्लंडमधल्या ३१३ ठिकाणी, मुख्यतः खेड्यापाड्यांत, म्हाताऱ्या शेतकऱ्यांपुढे वही उघडून बसत आणि तेराशेहून अधिक प्रश्न विचारत. गोठा, नांगर, गवत, अंगाचे अवयव असं सगळं विचारून झाल्यावर शेवटच्या भागात हा संवाद येई. ‘माणूस’ आणि ‘काम करील’ या दोहोंना तुम्ही कोणत्या शब्दानं जोडता, एवढंच त्यातून काढून घ्यायचं होतं.

उत्तरं गावागणिक बदलत गेली. उत्तरेकडच्या यॉर्कशरात ‘ॲट’, मधल्या पट्ट्यात ‘ॲज’, पूर्व अँग्लिया आणि लंडनच्या आसपास ‘व्हॉट’, बऱ्याच ठिकाणी ‘दॅट’. काहींनी तर मध्ये काहीच घातलं नाही. शाळेत शिकवला जाणारा ‘हू’ या गर्दीतला फक्त एक होता.

ही पाहणी उभी केली हॅरल्ड ऑर्टन आणि झुरिकचे ऑयगेन डीट यांनी. दोघांना घाई होती, कारण ज्या पिढीची बोली शाळा, रेडिओ आणि शहर यांनी फारशी घासली नव्हती, ती पिढी डोळ्यांदेखत संपत होती. म्हणून माहिती देणारे शोधले गेले ते बहुतेक साठीच्या पुढचे, त्याच गावात जन्मलेले, शेतीवर जगलेले. डीट १९५६ मध्ये गेले. ऑर्टननी काम तडीस नेलं. व्याकरण शोधण्यासाठी कुणी इतकी पायपीट करावी, याचं आजही अप्रूप वाटतं.

मराठीत ‘जो माणूस काल आला तो’ किंवा सरळ ‘काल आलेला माणूस’ म्हणून भागतं. इंग्रजीला असं उपवाक्य नामाच्या मागून जोडावं लागतं, आणि त्या सांध्यात काय बसवायचं यावर तिचा हजार वर्षं निकाल लागलेला नाही. प्राचीन इंग्रजीत तिथे कधीही न बदलणारा एक छोटा अव्ययासारखा शब्द होता, शिवाय ‘तो, ती, ते’ या अर्थाची दर्शक सर्वनामं होती. पुढे ‘दॅट’नं जवळजवळ सारी जागा घेतली. ‘विच’ बाराव्या शतकापासून डोकावू लागला, ‘हूज’ आणि ‘हूम’ही आले. ‘हू’ मात्र सर्वांत शेवटी. पंधराव्या शतकातल्या पत्रांच्या अखेरीस, जिथे देवाच्या हवाली करून निरोप घेतला जाई, तिथे तो ठरावीक वाक्यांत आढळतो. म्हणजे त्याचा पहिला वावर पत्रलेखकाच्या टाकातून झाला, आणि तोही माणसाच्या नव्हे, देवाच्या नावाला चिकटून. लॅटिन आणि फ्रेंचमधून भाषांतर करणाऱ्यांनी, कारकुनांनी, सरदारांनी त्याला वाढवलं. नांगरटीच्या बांधावर त्याची गरज नव्हती.

लिखित इंग्रजीतही या शब्दांच्या जागा ठरायला वेळ लागला. १६११ च्या बायबलमध्ये स्वर्गातल्या पित्याला ‘विच’ लावला आहे, कारण तोपर्यंत माणसांसाठी ‘विच’ वापरण्यात काही गैर नव्हतं. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ यांनी आपल्या व्याकरणात माणसाला ‘हू’ आणि वस्तूला ‘विच’ अशी वाटणी मांडली, आणि १७८९ च्या अमेरिकी प्रार्थनापुस्तकात त्या पित्यालाही ‘हू’ मिळाला. त्याआधी, ३० मे १७११ रोजी, रिचर्ड स्टील यांनी ‘स्पेक्टेटर’मध्ये ‘हू’ आणि ‘विच’ यांच्या वतीनं एक अर्ज छापला. त्यांची तक्रार अशी की, ‘दॅट’ नावाच्या उपऱ्यानं आमची जुनी वतनं बळकावली. मौज म्हणून लिहिलेला तो मजकूर होता, पण इतिहास त्यात पुरता उलटा झाला होता. वतनदार ‘दॅट’ होता आणि उपरे तेच दोघे होते. दोनच अंकांनंतर ‘दॅट’चं उत्तरही छापून आलं.

बोलींकडे आदरानं पाहणारा एक मोठा अभ्यासक स्वतः गिरणीतून आला होता. जोसेफ राइट, जन्म १८५५, ब्रॅडफर्डजवळचा. लहानपणी सॉल्टेअरच्या गिरणीत काम, वाचायला शिकला तो पंधराव्या वर्षी, आणि पुढे ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक. सहा खंडांचा बोलीकोश त्यानं १८९८ ते १९०५ या काळात पुरा केला आणि १९०५ मध्येच बोलींचं व्याकरण काढलं. ‘हू’ बोलींत फारसा नाही, त्याचं काम ‘ॲट’, ‘ॲज’, ‘दॅट’, ‘व्हॉट’ करतात, हे त्यात नोंदलेलं आहे. ज्या बोलीला शाळेत चूक म्हटलं जाई, ती आईच्या तोंडून ऐकलेली भाषा होती. राइटनं तिच्या नियमांची रीतसर मांडणी केली.

सगळ्यांत बोलकी जागा ‘हूज’ची. ऑर्टनच्या पाहणीत काका बुडून मेलेल्या एका माणसाविषयीही विचारलं होतं: हा तोच, ज्याचा काका बुडाला. इथे प्रमाण इंग्रजीला ‘हूज’ लागतो. पुष्कळ खेडुतांनी मात्र ‘ॲज हिज अंकल’ किंवा ‘व्हॉट हिज अंकल’ असं सांगितलं: आधी जोडणारा शब्द, मग स्वतंत्रपणे ‘त्याचा’. कुणी ‘दॅट’लाच षष्ठी लावून ‘दॅट्स’ केलं. यात अडाणीपणा नाही. ‘ॲज’ हा सर्वनाम नाहीच, नुसता सांधा आहे. त्याला विभक्ती लागत नाही, म्हणून मालकी दुसऱ्या शब्दानं सांगावी लागते. अरबी आणि हिब्रू भाषा अगदी हेच करतात. १९७७ मध्ये एडवर्ड कीनन आणि बर्नार्ड कॉम्री यांनी जगातल्या अनेक भाषा ताडून पाहिल्या, तेव्हा मालकीची जागा ही अशा उपवाक्यांना अवघड जाणाऱ्या जागांपैकी एक ठरली, आणि नेमकी तिथे भाषा जादा सर्वनामाचा आधार घेतात असं दिसलं. इंग्लंडच्या खेड्यातल्या म्हाताऱ्याचं वाक्य त्या जगभरच्या रांगेत नीट बसतं.

सांधाच न घालणं हीही जुनी रीत. ‘तुम्हाला भेटायला एक माणूस आलाय’ हे सांगताना ‘देअर्ज अ मॅन वॉन्ट्स टु सी यू’ असं म्हणणं शेक्सपिअरच्या काळातल्या नाटकांत सहज चालत असे. व्याकरणकारांनी ते लेखनातून घालवलं, पण बोलण्यातून त्यांना ते काढता आलं नाही. आयर्लंड, स्कॉटलंड इथून ॲपलेशियन डोंगरांत गेलेल्यांकडेही ते टिकलं.

आज ‘ॲट’ आणि ‘ॲज’ मागे हटत आहेत, तर ‘व्हॉट’ शहरांतून पसरतो आहे. २००५ मध्ये सॅली टॅग्लियामॉन्ते, जेनिफर स्मिथ आणि हेलन लॉरेन्स यांनी स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड आणि वायव्य इंग्लंडमधल्या छोट्या गावांतलं रोजचं बोलणं तपासलं. तिथे ‘हू’ आणि ‘विच’ तुरळक होते. माणसं ‘दॅट’ म्हणत होती, किंवा काहीच म्हणत नव्हती.