डावीकडचं बाक

पिशवी, छत्री खाली जमा करून तुम्ही लोकसभेच्या प्रेक्षक गॅलरीत येऊन बसला आहात. जुलै १९७५. खाली हिरवा गालिचा, घोड्याच्या नालासारखी बाकांची मांडणी, अध्यक्षांच्या आसनावर ‘धर्मचक्रप्रवर्तनाय’. अध्यक्षांच्या उजव्या हाताला सरकार पक्ष. परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण तिथेच आहेत.

आता डावीकडे बघा. राजापूरचे मधू दंडवते दिसतात का? नाही दिसणार. गेल्या महिन्यात बंगळुरूत त्यांना पकडलं, ते तुरुंगात आहेत. जे विरोधक बाहेर आहेत ते तळमळून बोलतात, पण प्रश्नोत्तराचा तास बंद आहे आणि सेन्सॉरमुळे त्यांचे शब्द उद्याच्या वर्तमानपत्रात तुम्हाला सापडणार नाहीत. अधिकृत विरोधी पक्षनेता तर नाहीच. १९६९ साली काँग्रेस फुटली तेव्हा रामसुभग सिंग यांना ते पद पहिल्यांदा मिळालं, वर्षभर टिकलं, आणि संपलं. आणीबाणीवर शिक्कामोर्तब होताना तुम्ही वरून बघता. सरकारला अडवून ‘थांबा, आधी याचं उत्तर द्या’ म्हणण्याचा ज्याला हक्क असावा, त्याची जागाच नाही. ही पोकळी वरून फार भयंकर दिसते.

जागेवरून उठू नका. साल १९७७.

निवडणुकीत काँग्रेस हरली, जनता पक्षाचं सरकार आलं. बाकं तीच, माणसं इकडची तिकडे. उजवीकडे रेल्वेमंत्री दंडवते. डावीकडे पहिल्या रांगेत, काँग्रेसच्या उरलेल्या १५४ खासदारांचे नेते म्हणून, चव्हाण. आणीबाणीच्या मंत्रिमंडळात ते होते, हे इथे कोणी विसरलेलं नाही. तुम्हीही विसरू नका. आणि याच सभागृहात एक कायदा होतो: विरोधी पक्षनेत्याला सरकारी पगार, राहायला घर, कॅबिनेट मंत्र्याच्या तोडीचा मान. करणारे कोण? पंतप्रधान मोरारजी देसाई एकोणीस महिने स्थानबद्ध होते. ज्यांच्या राज्यात आपण कोंडले गेलो, त्यांच्याच नेत्याला हे लोक कायद्याने जागा देत आहेत. आपल्या संसदेनं केलेल्या चांगल्या कामांत मी हे फार वर धरतो.

आणखी दोन वर्षं पुढे. बुधवार, ११ जुलै १९७९. मधल्या काळात सी. एम. स्टीफन या बाकावर होते. कालपासून चव्हाण पुन्हा आले आहेत. ते उभे राहतात आणि सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडतात. असा ठराव चर्चेला यायला किमान ५० सदस्यांचा पाठिंबा लागतो. आज तेवढ्यावर भागत नाही: जनता पक्षाचीच माणसं रोज बाहेर पडताहेत, आणि तुम्ही उजवीकडची डोकी मोजू लागता. मतदान होतच नाही. १५ तारखेला मोरारजी राजीनामा देतात.

मग राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी सरकार बनवता येतं का हे बघायला आधी कोणाला बोलावतात? विरोधी पक्षनेत्याला. विरोधी पक्षनेता म्हणजे नुसता टीकाकार नव्हे, उद्याच्या सरकारची तयारी ठेवणारा माणूस, हे पुस्तकातलं वाक्य त्या निमंत्रणात खरं होतं. चव्हाणांकडे आकडा जमत नाही. जमत नाही असं ते कळवतात.

२८ जुलैला पंतप्रधान म्हणून चरणसिंगांचा शपथविधी होतो, चव्हाण उपपंतप्रधान होतात. विरोधी पक्षनेतेपद दुसऱ्या दिवशी जनता पक्षाच्या जगजीवनराम यांच्याकडे जातं.