कंपनी आणि एजंट यांच्यामधला माणूस



विमा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दोनच पक्ष उभे राहतात. एक पावती देणारी कंपनी आणि दुसरा दारात येणारा एजंट. परंतु या दोघांच्या मध्ये तिसरा एक माणूस असतो. एजंट शोधणे, त्याला धंदा शिकवणे, तो खचला तर धीर देणे आणि त्याच्याकडून काम करून घेणे, हे त्याचे काम. विमेदाराला त्याचे नावही ठाऊक नसते. तथापि आपल्या दारात सरळ सल्ला देणारा एजंट येतो की गळ्यात विमा बांधून जाणारा, हे पुष्कळ अंशी या मधल्या माणसाच्या पोटापाण्याच्या व्यवस्थेवर अवलंबून असते. त्या व्यवस्थेचा इतिहास आज आपणांसमोर मांडावयाचा आहे.

मुंबईत १८७४ साली ओरिएंटल ही विमा कंपनी निघाली. पुढे स्वदेशीच्या चळवळीने जोर धरला तशा लहान शहरांतही कंपन्या उभ्या राहिल्या. आपल्या साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ साली वेस्टर्न इंडिया कंपनी काढली. त्या काळी प्रत्येक जिल्ह्यात स्वतःची कचेरी थाटणे सर्वच कंपन्यांना परवडणारे नव्हते. म्हणून एखादा मुलूख कोणा वजनदार गृहस्थाला किंवा पेढीला चीफ एजंट म्हणून नेमून द्यावा, त्याने आपले ऑर्गनायझर व इन्स्पेक्टर ठेवावेत, त्यांनी एजंट जमवावेत आणि हप्त्यातून प्रत्येकाने आपापला वाटा घ्यावा, अशी पद्धत पडली. ही पद्धत जुन्या इजारदारीच्या जातीची होती. धंदा आला तर वाटा, नाही आला तर काही नाही. अशा व्यवस्थेत मधल्या माणसाने एजंटाला शिकवीत बसावे तरी कशासाठी? एजंटाचे नातेवाईक नि ओळखीचे लोक संपले की नवा एजंट शोधणे त्याला सोयीचे पडे.

सरकारने याला आळा घालण्याचा प्रयत्न केला. १९३८ च्या विमा कायद्याने एजंटाला परवाना सक्तीचा केला, कमिशनला मर्यादा घातली आणि गिऱ्हाइकाला कमिशनातून सूट देण्यास मनाई केली. १९५० च्या दुरुस्तीने आयुर्विम्याच्या एजंटाचे कमिशन सामान्यतः पहिल्या वर्षी हप्त्याच्या ३५ टक्के, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी साडेसात टक्के आणि त्यापुढे पाच टक्के यापलीकडे जाऊ नये असे ठरवले. हे आकडे नीट ध्यानात घ्यावेत. नवा विमा उतरवण्यात जी प्राप्ती, तिचा सातवा हिस्साच जुना विमा जपण्यात! ज्या धंद्यात अशी तफावत असते, तेथे माणसाचे लक्ष कोणीकडे वळेल हे सांगावयास नको.

१९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याचा कारभार सरकारने हाती घेतल्याचे जाहीर केले. आधीच्या दहा वर्षांत पंचवीस कंपन्या बुडाल्या आणि तितक्याच कंपन्यांचा धंदा विमेदारांना तोटा सोसायला लावून दुसऱ्यांकडे द्यावा लागला, हे त्यांनी दिलेले कारण होते. १५४ भारतीय कंपन्या, १६ परकी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या अशा एकूण २४५ संस्थांचा धंदा एकत्र होऊन त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. महामंडळाच्या कायद्याने चीफ एजंटांचे करार संपुष्टात आणले आणि त्याबद्दल त्यांना भरपाई दिली. मधली इजारदारी गेली.

मधला माणूस मात्र राहिला. कंपन्यांचे इन्स्पेक्टर महामंडळात येऊन फील्ड ऑफिसर झाले. १९५७ साली केंद्र सरकारने हुकूम काढून त्यांच्या नोकरीच्या शर्ती ठरवल्या. पुढे त्यांनाच विकास अधिकारी हे नाव मिळाले. आता त्यांना पगार होता, महागाई भत्ता होता. एजंट नेमण्याचा अधिकार वरिष्ठांकडे. माणूस हेरणे, शिकवणे आणि उभा करणे हे काम त्यांच्याकडे. ज्या तालुक्यांत पूर्वी विम्याचे नाव नव्हते, तेथे शिक्षक, दुकानदार, पेन्शनर यांना हाताशी धरून त्यांनी एजंट तयार केले. ही कामगिरी मोठी आहे. परंतु पगारालाही एक दोर बांधलेला होताच. त्याच्या एजंटांनी आणलेला नवा हप्ता आणि त्याच्यावर होणारा खर्च यांचे प्रमाण दरसाल तपासले जाई. प्रमाण बिघडले की वेतनवाढ रोखली जाई. पगार कमी होण्याची आणि नोकरी जाण्याचीही तरतूद होती. कचेरीतल्या कारकुनाला हा दोर नव्हता. बेनामी एजन्सीचा रोग, म्हणजे एजंट म्हणून नाव बायकोचे किंवा भावाचे आणि धंदा करणारा दुसराच, याची मुळे या दोरातही आहेत.

मग हा माणूस अधिकारी की कामगार? १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने एस. के. वर्मा यांच्या खटल्यात सांगितले, की त्याच्या हाताखाली महामंडळाचा नोकरवर्ग नाही, एजंटांचा तो मित्र आणि मार्गदर्शक आहे. सबब औद्योगिक कलह कायद्याच्या दृष्टीने तो कामगार होय. १९९४ साली औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींच्या खटल्यात घटनापीठाने तो निर्णय ग्राह्य धरला नाही. अकरा वर्षांत कामगारपण आले आणि गेले. त्याच्या रोजच्या कामात दरम्यान काहीच बदलले नव्हते!

१९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले आणि २००० पासून त्या आल्या. त्यांनी मधल्या माणसाला सेल्स मॅनेजर म्हटले. वर्षाचा हिशेब महिन्यावर आला. बँकाही विमा विकू लागल्या, तेव्हा कित्येक ठिकाणी त्याचे काम एजंट घडवण्याचे न राहता बँकेच्या शाखेत बसून आकडा पुरा करून घेण्याचे झाले. महामंडळानेही अनुभवी एजंटाला नवे एजंट जमवण्याचे काम देणारी योजना आणली. त्यात मोबदला आहे, पगाराची नोकरी नाही. दुसरीकडे २०१५ च्या दुरुस्तीने चीफ एजंट व स्पेशल एजंट नेमण्यास कायद्यानेच बंदी घातली. जुने नाव असे हद्दपार झाले. वाट्यावर राबणारा माणूस मात्र नव्या नावाने परत येत आहे.

श्रोतेहो, ऑर्गनायझरपासून सेल्स मॅनेजरपर्यंत नावे चढत गेली, पण मोजण्याचे मुख्य माप एकच राहिले, ते म्हणजे नवा हप्ता. या मापाचा भार शेवटी विमेदाराच्या घरावर पडतो. दोन वर्षे हप्ते भरून तिसऱ्या वर्षी ज्याचा विमा बंद पडला, त्याच्या मागे राहिलेल्या बायकामुलांना विचारा. तेरा महिन्यांनी, पाच वर्षांनी किती विमे चालू राहिले याचे आकडे आज कंपन्यांना प्रसिद्ध करावे लागतात. तेच आकडे मधल्या माणसाच्या वेतनाचे मुख्य माप का होऊ नयेत? त्याला स्थिर पगार द्या, संघटनेचा हक्क द्या आणि जगवलेल्या विम्यांवर त्याची बढती ठरवा. तसे झाले तर एजंटाला शिकवण्यास त्याला सवड मिळेल, आणि एजंटही आपल्या दारात बसून गरज किती नि ऐपत किती हे आधी विचारील. ही मागणी विमा नोकरांनी करावीच. परंतु हप्ते आपण भरतो, म्हणून ती आपण विमेदारांनीही केली पाहिजे.