जुन्या गाडीचा पंखा आणि थर्मोस्टॅट : आखाती उन्हाळ्यातील निदान

आखातात उन्हाळा सुरू झाला की तापणाऱ्या जुन्या गाडीवर काही गॅरेजांत एकाच वाक्यात उपाय सांगितला जातो : ‘थर्मोस्टॅट काढून टाका.’ हवेचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, इंजिनाला गारवाच हवा, मग कूलंटच्या वाटेत झडप हवी कशाला, असा त्यामागचा तर्क. तो सरळ वाटला तरी अनेक इंजिनांच्या बाबतीत चुकीचा आहे. इंजिन एकदा बेसुमार तापले की ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकते किंवा गॅस्केट जाते, आणि पंधरा-वीस वर्षांच्या गाडीसाठी ही दुरुस्ती कधीकधी तिच्या बाजारभावाला जाऊन भिडते.

थर्मोस्टॅट ही मेणावर चालणारी झडप. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट यांनी विकसित केलेले तत्त्व आजही कायम आहे : धातूच्या डबीतले मेण वितळताना प्रसरण पावते, दांडा ढकलते आणि रेडिएटरकडची वाट उघडते. बहुतेक गाड्यांत ही झडप ८० ते ९० अंशांच्या आसपास उघडू लागते. नेमका आकडा बहुधा तिच्यावरच कोरलेला असतो. तोवर कूलंट बायपासमधून इंजिनातच फिरत राहतो. अनेक इंजिनांत मुख्य वाट उघडताना हीच झडप बायपास बंद करत जाते, आणि खरी मेख इथेच आहे. झडप काढली की बायपास कायमचा उघडा राहतो आणि गरम कूलंटचा एक हिस्सा रेडिएटरपर्यंत न जाताच इंजिनात परततो. परिणामी हत्ताच्या चढावर, भर दुपारी, गाडी आधीपेक्षाही जास्त तापू शकते. उलट थंडीच्या पहाटे इंजिन वेळेत गरम होत नाही, मिश्रणात पेट्रोल जास्त जाते, त्यातले काही तेलात उतरते आणि झीज वाढते. ओबीडी-२ असलेल्या गाडीत अशा वेळी पी०१२८ हा दोषसंकेत उमटू शकतो.

पंख्याचे काम वेगळे. गाडी वेगात असताना समोरचा वारा रेडिएटरला पुरतो. पंखा लागतो तो सिग्नलला, रांगेत, पार्किंगमध्ये. निदानाचा पाया हाच. शेख झायेद रस्त्यावरच्या कोंडीत काटा चढतो आणि रस्ता मोकळा झाला की उतरतो, तर संशय पंख्यावर. मोकळ्या रस्त्यावर ताशी शंभरच्या वेगात काटा चढतो, तर पंख्याला सहसा दोष नसतो. अडकलेला थर्मोस्टॅट, तुंबलेला रेडिएटर आणि वॉटर पंप यांच्याकडे पाहावे. काट्यावरही पूर्ण भिस्त नको. अनेक गाड्यांत तो मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. तापमान दहा-पंधरा अंशांनी हलले तरी मध्यावरून ढळत नाही. साधा ओबीडी स्कॅनर खरा आकडा दाखवतो.

विजेवरचा पंखा तपासण्याची सोपी रीत म्हणजे इंजिन सुरू करून एसी लावणे; बहुतेक गाड्यांत पंखा थोड्याच वेळात फिरू लागतो. फिरला नाही, तर आधी फ्यूज, रिले आणि जोडण्या पाहाव्यात, मोटर नंतर. दोन वेगांच्या काही पंख्यांत मंद वेगाचा रेझिस्टर जळतो; पंखा ‘चालतो’, पण उशिरा आणि एकदम पूर्ण वेगात. दुरुस्तीत तारा उलट जोडल्या गेल्या तर पंखा हवा उलट्या दिशेने फेकतो, हा प्रकार वाटतो तितका दुर्मीळ नाही. पंखा थेट स्विचला जोडणे हा उपाय तात्पुरताच मानावा. मोठ्या पंख्याला वीस-तीस अँपिअर लागू शकतात. रिले नसेल तर बारीक तार तापते, आणि चालक स्विच विसरला तर इंजिन उकळते.

जुन्या लँड क्रूझर किंवा पेट्रोलसारख्या गाड्यांत पंखा पट्ट्यावर चालतो आणि सिलिकॉन द्रव भरलेला क्लच त्याला जोडतो. इंजिन गरम असताना ते बंद करून पंखा हाताने फिरवावा. अडखळत फिरला तर क्लच शाबूत. सहज गरगरत राहिला तर तो निकामी. पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे आवरण कोणी ‘अडचण’ म्हणून काढून टाकले असेल, तर नवा क्लचही फारसे काही साधणार नाही.

थर्मोस्टॅटची परीक्षा स्वयंपाकघरातही होते : पातेल्यातल्या पाण्यात तो दोऱ्याने टांगावा, पाणी तापवावे आणि कितव्या अंशाला उघडतो ते पाहावे. मात्र तो इतका स्वस्त असतो की एकदा काढलाच तर नवा, मूळ अंशांचाच बसवणे शहाणपणाचे.

बर्फ पडत नाही म्हणून निव्वळ पाणी भरण्याची सवयही इथे आढळते. त्याने आतून गंज चढतो आणि उत्कलनबिंदू उतरतो. निम्मा ग्लायकोल, निम्मे डिस्टिल्ड पाणी आणि सुमारे एक बार दाबाची घट्ट टोपी असेल, तर मिश्रण सव्वाशे अंशांपर्यंत उकळत नाही. टोपीचे रबर सुकले की ही सवलत संपते.

रस्त्यात काटा लाल पट्ट्याकडे निघालाच, तर एसी बंद करून हीटर पूर्ण लावावा. घाम फुटेल, पण इंजिनातली थोडी उष्णता बाहेर जाईल. मग सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. ते पूर्ण निवेपर्यंत टोपीला हात लावू नये, आणि बॉनेट उघडल्यावर पंख्यापासून बोटे दूर ठेवावीत : काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही तो अचानक सुरू होतो.