पलटणीतला धर्मगुरू

आमच्या मारेगावहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे फिरायला निघालं, की सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं धावताना दिसतात. सोळाशे मीटर किती मिनिटांत, हाच त्यांचा जप. लष्करात पंडित, मौलवी, ग्रंथी किंवा पाद्री म्हणून जायचं असलं तरी सोळाशे मीटर धावावं लागतं, फक्त त्यासाठी आठ मिनिटं मिळतात, असं मी त्यांना एकदा सांगितलं. पोरांना हसू आवरेना. धावणारे भटजी त्यांच्या डोळ्यांसमोर येईनात. पण हा धावणारा धर्मगुरू सैन्यात आला कशासाठी, आणि तिथं तो करतो काय, याची कहाणी मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

भारतीय लष्करात या पदाला ‘धर्मशिक्षक’ म्हणतात. हुद्दा नायब सुभेदाराचा, म्हणजे जेसीओचा. पदवी तर हवीच, शिवाय आपापल्या धर्माचं रीतसर शिक्षण हवं. पंडिताला संस्कृतातली शास्त्री किंवा आचार्य ही परीक्षा, मौलवीला अरबी किंवा उर्दूतली आलिमची पात्रता. पाद्री असेल तर त्याला धर्मपीठाची दीक्षा मिळालेली असावी लागते. लडाख स्काऊट्ससाठी बौद्ध भिक्खूही घेतले जातात. पूजा-प्रार्थना चालवणं हे त्यांचं उघड दिसणारं काम. नव्या जवानांच्या शपथेच्या वेळी धर्मग्रंथ घेऊन उभे राहणारेही तेच.

इंग्रजांच्या काळात गोऱ्या सैनिकांसाठी सरकारी पगारावर पाद्री असत. पुण्याच्या लष्कर भागातलं सेंट मेरीज चर्च 1825 सालचं, ते अशा छावणीतल्या लोकांसाठीच बांधलेलं. हिंदी शिपायांच्या धर्माकडे मात्र कंपनी सरकार आधी दुर्लक्षानं आणि नंतर भीतीनं पाहत होतं. 1806 मध्ये वेल्लोरला नवं पागोटं आलं, कपाळावरचं गंध आणि दाढी यांवर बंदी आली, आणि शिपाई उठले. 1857 मध्ये काडतुसांच्या चरबीनं काय झालं, ते शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. 1 नोव्हेंबर 1858 च्या जाहीरनाम्यात राणीनं प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ न करण्याचं वचन दिलं. पुढे पलटणींतून देवळं, गुरुद्वारे, मशिदी मानानं नांदू लागल्या. यात श्रद्धेचा आदर होता तसा हिशेबही होता. शिपायाचा धर्म सांभाळला, तर शिपाई आपला राहील, हा तो हिशेब.

या हिशेबाची खरी परीक्षा झाली ती आपल्या मराठी माणसांच्या साक्षीनं, आणि तीही इराकमध्ये.

पहिल्या महायुद्धात सहावी पूना डिव्हिजन जनरल टाऊनशेंड यांच्या हाताखाली मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढत होती. तिच्यात 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. बगदादकडे निघालेलं हे सैन्य टेसिफोनच्या लढाईनंतर मागं फिरलं आणि तायग्रिस नदीच्या वळणावरच्या कूत या गावात डिसेंबर 1915 मध्ये तुर्कांच्या वेढ्यात अडकलं. सुटकेचे प्रयत्न एकामागून एक फसले. धान्य आटत गेलं. 1916 च्या सुरुवातीला तोफा ओढणारे आणि स्वारीचे घोडे कापायला सुरुवात झाली.

गोऱ्या सैनिकांनी ते मांस खाल्लं. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, नकार दिला. टाऊनशेंड यांनी बिनतारी संदेशानं हिंदुस्थानातल्या धर्माधिकाऱ्यांचं मत मागवलं. परवानगी आली, संकटात असं अन्न खाण्याला हरकत नाही, असा तिचा आशय. तरीही ताटं तशीच राहिली.

शाळेत इतिहास शिकवताना हा प्रसंग मी सांगे, तेव्हा मुलं विचारत, परवानगी आल्यावर अडचण काय उरली? अडचण गावाची होती. परवानगी देणारे मोठे धर्मगुरू दूर, आणि घरी परतल्यावर जाब विचारणारी जातबिरादरी मात्र जवळची. गाव वाळीत टाकेल, घरच्या लेकीबाळींची लग्नं होणार नाहीत, ही त्यांची धास्ती होती. रणात मरणाला न भिणारी माणसं गावाच्या निवाड्याला भीत होती. ज्यांना आपल्या खेड्यातली पंगत आणि पंगतीतून उठवणं माहीत आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

दरम्यान हिंदी शिपायांत स्कर्व्ही पसरत होता. अशक्तपणानं पहारा देणंही जमेना. शेवटी एप्रिलमध्ये, अधिकाऱ्यांनी निकराचा आग्रह धरल्यावर आणि भूक असह्य झाल्यावर, हजारो शिपाई घोड्याचं मांस खाऊ लागले. तेव्हा फार उशीर झाला होता. 147 दिवसांच्या वेढ्यानंतर 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे 13 हजार माणसं शरण गेली. कैदेच्या वाटचालीत आणि रेल्वेच्या कामावर त्यातली कितीतरी दगावली. गोऱ्यांबरोबर हॅरॉल्ड स्पूनर नावाचे पाद्री वेढ्यात होते, पुढं कैदेतही गेले. हिंदी शिपायाच्या पोटाचा प्रश्न मात्र दूरवरून आलेल्या संदेशावर सोपवलेला राहिला.

मला या घटनेत एक गोष्ट महत्त्वाची वाटते. धर्माची परवानगी मिळवता येते, पण तेवढ्यानं माणसाच्या मनाची समजूत पटते असं नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. 1949 मध्ये सर्व प्रांतांतली, सर्व जातिधर्मांची माणसं एकत्र असलेली ब्रिगेड ऑफ द गार्ड्स उभी राहिली; तिचं केंद्र आपल्या नागपूरजवळच्या कामठीला आहे. मिश्र पलटणींमधून ‘सर्वधर्म स्थळ’ आलं, एका छताखाली अनेक देव. धर्मशिक्षकांना पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत प्रशिक्षण मिळू लागलं. आपल्या धर्माचा पंडित तो आधी पलटणीतल्या सगळ्यांचा माणूस, अशी ही कल्पना.

पण जुना प्रश्न मिटलेला नाही. घोडदळाच्या एका ख्रिस्ती लेफ्टनंटनं रेजिमेंटच्या धार्मिक संचलनात हजर राहूनही गाभाऱ्यात जायला नकार दिला. त्याला बडतर्फ करण्यात आलं. 30 मे 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं ती बडतर्फी कायम ठेवली आणि 25 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानंही त्याला दिलासा दिला नाही. गाभाऱ्यात जाण्यानं धर्म मोडत नाही, असा सल्ला त्याला एका पाद्र्यानं दिला होता, याची नोंद न्यायालयानं घेतली. इथंही परवानगी होती, इथंही मन तयार नव्हतं. जवानांच्या भावनेत अधिकाऱ्यानं सामील व्हावं, ही शिस्तीची बाजू खोटी नाही. आणि एका माणसाच्या सद्सद्विवेकाला काही किंमत असावी, हेही खोटं नाही. निकाल लागला, तरी या दोन्हींमधली ओढाताण संपली, असं मी म्हणणार नाही.

मग धर्मशिक्षकानं करायचं काय? त्याच्या कामांची सरकारी यादी मी वाचली आहे. अंत्यविधींना हजर राहणं, इस्पितळात आजाऱ्यांची विचारपूस, बरं होत असलेल्यांसोबत प्रार्थना, जवानांच्या कुटुंबांची काळजी. आणि त्यातच एक ओळ आहे, शिक्षा भोगत असलेल्या जवानांना भेटणं. ज्याला पलटणीनं दोषी ठरवलं, त्याच्याकडेही पलटणीचाच एक माणूस जातो. त्याच्याजवळ सुटकेचा हुकूम नसतो, परवानगीचा कागदही नसतो. तो फक्त जवळ बसतो. कूतच्या वेढ्यात उपाशी बसलेल्या मराठा शिपायाला तायग्रिसच्या काठी असंच जवळ बसणारं, आणि गावी परतल्यावर ‘मी याच्याबरोबर होतो’ म्हणून पंचांसमोर उभं राहणारं कुणीतरी हवं होतं.