पायांकडे पाहताना सुटलेले डोळे

लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांचा एक पाय लहानपणच्या आजारात वाकडा झाला होता. १८३६ साली जर्मनीत हॅनोव्हरला जाऊन त्यांनी तो स्ट्रोमायर या डॉक्टरांकडून सरळ करून घेतला, आणि पुढे आयुष्यभर मुलांचे वाकडे हातपाय हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला. अडलेलं बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताच गुदमरलेलं बाळ आणि नंतर ताठरत जाणारे त्याचे पाय यांचा संबंध दाखवणारा निबंध त्यांनी १८६१ साली लंडनमध्ये वाचला. त्या दुखण्याला 'लिटलचा रोग' हे नाव पडलं. आज आपण त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतो.

मूळ दुखणं मेंदूचं, पण डोळ्यांत भरले ते पाय. उपचारही त्यांचेच: कॅलिपर, व्यायाम, शस्त्रक्रिया. मुलाचा तिरळेपणा दिसे, त्यापलीकडे नजरेची चौकशी फारशी होत नसे. ज्याला मान सावरता येत नाही, बोलता येत नाही, ते मूल भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचून कसं दाखवणार? समोर धरलेल्या खेळण्याकडे बघत नाही म्हणजे त्याला समज नाही, असा शिक्का सहज बसे. हा मोठा अन्याय होता.

पाहण्याचं काम मेंदू कसं करतो याचा उलगडा मुलांच्या दवाखान्यात नव्हे, रणांगणावर होत गेला. रशिया-जपान युद्धात डोक्याच्या मागच्या भागात गोळी लागलेले सैनिक तात्सुजी इनोउये या जपानी नेत्रवैद्याने तपासले आणि नजरेचा कोणता भाग मेंदूत कुठे उमटतो याचा नकाशाच मांडला. पहिल्या महायुद्धात जॉर्ज रिडॉक यांना आणखी विलक्षण गोष्ट आढळली: काही जखमींना स्थिर वस्तू दिसत नव्हती, तीच हलवली की कळत होती. डोळे धड असूनही माणूस पाहू शकत नाही, आणि 'आंधळा' ठरलेल्यालाही काही दिसत असतं.

मुलांच्या बाबतीतला दुवा १९६२ साली हाती आला. बँकर आणि लारोश या दोघींनी, मेंदूतल्या पोकळ्यांभोवतीचा पांढरा भाग बाळांमध्ये कसा मरतो ते वर्णन केलं. पायांकडे जाणारे तंतू या पोकळ्यांना अगदी खेटून जातात. थोडं मागे, त्याच पोकळ्यांच्या कडेने नजरेचे तंतू जातात. तिथली इजा बहुधा खालच्या बाजूची नजर हिरावते. मूल पायरीवर अडखळतं, उंबरठ्याला ठेचकाळतं. घरच्यांना वाटतं, पायच अधू. पण पुष्कळदा त्याला तो उंबरठा दिसलेलाच नसतो.

ग्लासगोचे बालनेत्रतज्ज्ञ गॉर्डन डटन यांनी तपासणीचा रोख बदलला. ते आईवडिलांना साधे प्रश्न विचारत: गर्दीत तुम्ही त्याला सापडता का? नक्षीदार गालिच्यावर पडलेलं खेळणं दिसतं का? फिनलंडच्या लीआ ह्युव्हॅरिनेन यांनी अक्षरांऐवजी सफरचंद, घर, चौकोन आणि वर्तुळ यांचा तक्ता केला. न बोलणारं मूलही बोट दाखवून किंवा नजर वळवून उत्तर देऊ शकतं.

उपचारही एका पठडीतले नाहीत. यातल्या पुष्कळ मुलांना जवळच्या वस्तूवर नजर स्थिरावता येत नाही. त्यांना जवळचा चष्मा देताच पुस्तक उघडावंसं वाटू लागतं. आळशी डोळ्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधतात, आणि ती लहान वयातच बांधावी लागते. काहींचा तिरळेपणा मात्र तासातासाला बदलतो, म्हणून शस्त्रक्रियेची घाई करत नाहीत.

मेंदूतली इजा चष्म्याने भरून येत नाही. तिथे घर बदलावं लागतं. ताटलीखाली एकरंगी काळं कापड, समोर एकच लाल किंवा पिवळी वस्तू, ती किंचित हलवलेली, आसपास टीव्हीचा गोंगाट नाही. पायरीच्या कडेला ठळक पट्टी. पुस्तक मांडीवर नको, उतरत्या फळीवर, नजरेच्या उंचीला. आणि मग थांबायचं, कारण या मुलाची नजर वस्तूवर पोहोचायला वेळ लागतो, आणि आपण तोवर ती वस्तू उचललेली असते.